गुरुवारचा फोन

भोसरीत आमच्या वर्कशॉपला सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी पाय पसरतं, आम्ही गुरुवारी. बायको गेल्यापासून हा गुरुवार मला नुसता खायला उठतो.

ती त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात बसायची, मी खाली लेथवर. ऑफिसच्या फोनमध्ये सुट्टीचा निरोप भरून ठेवायची सोय होती. तो तिनंच भरला होता. मी बटण दाबून उभा, आणि ही बाई शाळेत कविता म्हणायला उभी केल्यासारखी ताठ: "नमस्कार. आज गुरुवार, वर्कशॉप बंद आहे. उद्या फोन करा." मी बटण सोडायच्या आत तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात मला विचारलं, "झालं का हो?" तेही भरलं गेलं. मालक हसले, म्हणाले, असू द्या.

ती गेल्यावर दर गुरुवारी मी घरून तिथं फोन लावायचो. ती विचारायची, "झालं का हो?" मी म्हणायचो, "झालं गं." हसा खुशाल! माझा आठवडा तेवढ्यावर निघायचा.

यंदा मालकांची सून ऑफिस बघायला लागली. पोरगी कामाला वाघ. म्हणाली, "काका, सुट्टीला इथं चिटपाखरू नसतं, पण कॉम्प्युटर, प्रिंटर, पाण्याचा कूलर नुसते प्लगला असले तरी वीज खात बसतात." मी म्हटलं, बरोबर आहे बाई, मी कधीचा ओरडतोय. बुधवारी संध्याकाळी निघताना तिनं एकेक प्लग काढला. फोनचाही काढला.

गुरुवारी मी फोन लावला, तर नुसती रिंग. शुक्रवारी ऑफिसात जाऊन बटण दाबून पाहिलं. आत काहीच नाही. निरोप जपणारा आतला सेल कधीच मेला होता. लाइट गेली तरी इन्व्हर्टर होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. वीज होती तोवर तिचा आवाज होता. मोबाइलवर घेऊन ठेवायचं मला सुचलं नाही. अहो, रोज जिथल्या तिथं असलेली गोष्ट कोण साठवून ठेवतं?

असा संताप आला म्हणून सांगू! पण ओरडणार कुणावर? पोरीचं काही चुकलंच नव्हतं. खाली जाऊन मशीन सुरू केलं आणि त्या खडखडाटात पोटभर रडून घेतलं. मालकांनी पाहिलं, काय झालं ते विचारून घेतलं आणि त्यांनीच सुनेला सांगितलं. ती धावत खाली आली. "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो." तिचेही डोळे भरले होते. मी म्हटलं, तुला कसं माहीत असणार, पोरी.

पुढच्या बुधवारी तिनं सगळे प्लग काढले, पण फोनला हात लावेना. माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"काढ गं तोही," मी म्हटलं. "आता त्याच्यात कुणी नाही."