प्रल्हादकाकांचे ठसे

अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमधली निवृत्त माणसं गोल्फ खेळतात, नाहीतर मराठी मंडळाच्या निवडणुकीत भांडतात. आमच्या प्रल्हादकाकांनी जपानी ठसेचित्रांचा नाद लावून घेतला. आयुष्यभर पूल बांधलेला हा इंजिनिअर गॅरेजमध्ये मांडी घालून चेरीच्या फळ्या कोरू लागला आणि गाड्या बाहेर बर्फात गेल्या.

प्रत्येक रंगाला वेगळी फळी. रंग नीट धरावा म्हणून त्यात तांदळाची खळ. कागद ओलसर राहायला हवा, म्हणून तो फ्रीजरमध्ये, शरयूकाकूंच्या खवलेल्या नारळावर. मग कागद फळीवर ठेवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं पाठीमागून घासायचा. काकांचा खांदा गेला, पण तोंड चालूच. "चित्र फळीवर पालथं चिकटवून कोरायचं," ते येईल त्याला ऐकवत, "नाहीतर छापलेलं सगळं उलटं येतं. बेसिक आहे, यार!"

काकू मात्र कशालाच दाद देत नसत. काकांची लाट पाहून म्हणाल्या, "दूध उतू गेलंय." बर्फाच्या डोंगराला म्हणाल्या, "भाताची मूद." काकांना ना गॅलरी हवी होती, ना बक्षीस, बायकोला एक तरी चित्र आवडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मला काकांची दया यायची आणि काकूंचा राग. चांगलं म्हणायला यांचं काय जातं?

काकूंच्या सत्तरीसाठी काकांनी हिवाळाभर खपून त्यांचंच चित्र केलं. वाढदिवसाला काकू पैठणी नेसून, चापाची नथ लावून बसल्या. घर पाहुण्यांनी भरलं होतं. काकांनी चित्रावरचं कापड ओढलं.

चित्रातल्या काकूंची नथ उजव्या नाकपुडीत होती. पदरही उजव्या खांद्यावर.

"काका, काकूंना गुजराथी केलंत की!" मंडळाचा सेक्रेटरी यतीन ओरडला. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग काकांचा चेहरा पाहिला.

"पालथं चिकटवायचं राहिलं," काका काकूंना म्हणाले. "कागदावरून तू माझ्याकडे बघत होतीस. भानच राहिलं नाही." ते पुन्हा कापड टाकायला वळले.

काकूंनी उठून त्यांच्या हातातलं कापड काढून घेतलं. चित्र नीट न्याहाळलं. मग नाकातली नथ काढली, उजव्या नाकपुडीला चापली आणि चित्राशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"पदराचं जमणार नाही, पिना फार लावल्यात," त्या यतीनला म्हणाल्या. "फोटो काढ. अहो, तुम्हीही या."