सिंकखालचा चिखल

मला किळस फार लवकर येते. उष्ट्या कपाला बोट लागलं तरी मी कोपरापर्यंत हात धुते. आणि सासू मिळाली ती अशी, की जिने हयातभर लाँड्रीत लोकांचे मळके कपडे हाताळले, कॉलरचा वास घेऊन शर्ट कुणाचा ते सांगितलं, आणि गुडघे गेल्यावर घरी बसून मासे पाळायला घेतले.

मासे म्हणजे फायटर. पिल्लं मोठी झाली की सासूबाई ती कोपऱ्यावरच्या दुकानात देत. गडद निळ्या रंगाचे, शेपटीला पांढरी कड असलेले. वर्षानुवर्षं जोड्या लावून ही जात त्यांनी स्वतः तयार केली होती, दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. मासे काचेत असतात, त्यांच्याशी माझं वाकडं नाही. शिसारी यायची ती त्यांच्या खाण्याची. फायटरची नवी पिल्लं एवढीएवढीशी, पण त्यांना जिवंत आणि वळवळणारंच लागतं. घरामागे एक उथळ तळं होतं. उन्हाळ्यात कोरडं, आणि पाणी भरलं की कोळंबीच्या जातीचे बारीक पाणकिडे त्यात बुजबुजायचे. सासूबाई गाळणीने ते गाळून आणायच्या. गाळणी चहाची. हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. चहा मी तेव्हापासून सोडला.

मग तळं बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केली. त्याआधी सासूबाईंनी तळाचा चिखल टबभर आणून आमच्या सिंकखाली ठेवला.

"यात त्यांची अंडी आहेत," त्या म्हणाल्या. "जपली की फुटतील."

जपायचं कसं, तर वर ओलं पोतं, रोज तांब्याभर पाणी आणि उजेड लागू नये म्हणून सिंकखालचं दार बंद. तान्ह्या बाळाचं कुणी करणार नाही इतकं त्या चिखलाचं केलं. त्याला नासक्या अंड्यांचा वास सुटला. काळी साय धरली. भांडी घासताना मी श्वास रोखून धरायचे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईचा एवढा एकच नाद आहे." नाद त्याच्या आईचा, भांडी मात्र माझ्या वाट्याला.

अंडी काही फुटेनात. त्या वर्षात फायटरला दोनदा पिल्लं झाली. उकडलेल्या अंड्याचा बलक चारून पाहिला, दोन्ही खेपेला सगळी मेली. तिसऱ्यांदा जोडी लावली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नर म्हातारा झालाय. ही खेप गेली की माझे निळे मासे संपले."

नराने पाण्यावर फेसाचं घरटं केलं, त्यात अंडी दिसली, पण त्याआधीच मी डाव साधला होता. सासूबाई आठवडाभर लेकीकडे गेल्या त्याच दिवशी टब बाहेर ओढला. कचरेवाला म्हणाला, "ओलं नाही घेणार ताई. वाळवून द्या." मग काय करणार! तोंडाला फडकं बांधलं आणि तो घाणेरडा लगदा गच्चीवर पसरला. दोनदा उलटी झाली. उन्हात त्याची ढेकळं झाली, भेगा पडल्या. ती पिशवीत भरली आणि सिंकखालची जागा फिनाईलने धुऊन काढली.

सासूबाई परतल्या त्या सकाळी पिशवी अजून दारातच होती. त्यांनी उघडून हात घातला.

"मारलंस गं," एवढंच म्हणाल्या.

मला वाईट वाटलं नाही. वास गेला होता. पण त्यांनी ओरडावं असं वाटत होतं, आणि त्या ओरडल्या नाहीत.

त्यांनी काही ढेकळं एका पसरट काचेच्या भांड्यात टाकली आणि वर स्वच्छ पाणी ओतलं. सिंकखाली फिनाईल होतं, म्हणून भांडं खिडकीत ठेवलं. फेसाखाली पिल्लं निघाली होती. सुरुवातीला ती पोटातल्या बलकावर जगतात, त्यानंतर उपाशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक काही दिसत नाही.

"जरा बघतेस? काही आहे का?"

मी काचेला नाक लावलं. आधी नुसती माती. मग खिडकीच्या बाजूला धुरळ्यासारखं काही हललं. धुरळा असा झटके देत हलत नाही. असंख्य लालसर ठिपके, एकमेकांवर चढणारे.

"आहेत," मी म्हटलं. "शी! सगळे उजेडाकडे गर्दी करून."

त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"दर उन्हाळ्यात तळं वाळायचं," मग म्हणाल्या. "तळाला भेगा पडायच्या. वर ऊन. मग नवं पाणी आलं की हे यायचे. दर वर्षी बघितलं मी. आणि घरी आणून त्यांना ओल्या अंधारात कोंडलं. जन्मभर लोकांचं ओलं वाळत घातलं, आणि हेच वाळवायचं सुचलं नाही."

त्यांनी ड्रॉपरने पाणी उचललं, पण माशांच्या टाकीची कड त्यांना नीट दिसेना. अर्धं पाणी टाकीबाहेर सांडलं. मी तो त्यांच्या हातातून घेतला. ती वळवळ काचेच्या नळीत चढताना माझ्या बोटांना जाणवत होती, निदान मला तसं वाटलं. मी ती टाकीत सोडली.

"खातायत?"

"एकाने घेतलं. शी, आई! पोट लाल झालं त्याचं."

"कुणाचं?"

"कोपऱ्यातल्याचं. आता दुसऱ्याने. थुंकलं. परत घेतलं."

सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "सांगत राहा."

डाव्या हाताने तोंड दाबून, बोटांच्या फटीतून मी एकेकाचं पोट सांगत राहिले.