तिसऱ्या हाकेनंतर

दिवेलागणीला रात्रीच्या मुक्कामाला आलेले आम्ही सोसायटीतले दहाबारा जण गडाच्या दरवाजात आतल्या बाजूला उभे होतो. इथला राखणदार रोज दरवाजा लावण्याआधी बाहेर तीन हाका मारतो, ‘कुणी राहिलंय का?’ म्हणे शेकडो वर्षांची रीत आहे. मला एरवी अशा गोष्टींचं फारसं कौतुक नाही.

पहिली हाक दरीत उतरली आणि आमची कुजबुज आपोआप थांबली. दुसऱ्या हाकेला शेजारच्या शैलावहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून गेला, तो परतलेला नाही. घराची कडी आपण सगळेच रोज लावतो. लावण्याआधी बाहेर हाक मारावी, हे कुणाला सुचत नाही.

तिसरी हाक विरली. म्हाताऱ्या राखणदाराने अडसर उचलला.

“अजून एकदा मारा,” वहिनी म्हणाल्या.

“तीनच असतात, बाई.”

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग दरवाजातून बाजूला होत म्हणाला, “तुम्ही मारा.”

वहिनींनी मुलाचं नाव घेऊन हाक मारली. आम्ही सगळे दरीकडे कान लावून उभे होतो, आणि अडसर अजून म्हाताऱ्याच्या हातातच होता.