सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो

सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे फोटो मी काढले. त्यामुळे त्या दिवशी नेमकं कोण कोण आलं होतं, हे आता कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

चूक माझीच. माझ्या मेहुण्याने, सुधीरने, फोटोग्राफर ठरवला होता. मी म्हटलं, "कशाला परका माणूस? मी आहे ना." बायको, स्मिता, माझ्याकडे नुसती बघत राहिली. (पंचवीस वर्षांच्या संसारानंतर ती बोलण्याची ताकद जपून वापरते.) सासूबाईंची मागणी एकच होती, भिंतीवर लावण्याजोगा एक मोठा फोटो. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सासरे पूर्ण आलेत आणि सासूबाईंचा फक्त कोपर.

भाड्याने कॅमेरा घ्यायला मी घाटकोपरला गेलो. दुकानाच्या मालकीणबाईंनी एकाच कंपनीचे तीन भारीतले कॅमेरे समोर मांडले.

"हा बारीकसारीक सगळं टिपतो, प्रिंट दाराएवढी काढा. पण उजेड कमी असला की फोटोत दाणे येतात. हा दुसरा अंधारात झकास, पण फार मोठी प्रिंट नको. तिसरा धावपळीसाठी. खेळ, पक्षी वगैरे."

"आमच्या सासूबाई उडत नाहीत," मी म्हणालो. "तिन्ही गुण एकात नाहीत का?"

"असते तर मी तीन कशाला ठेवले असते, काका?"

मी पहिला उचलला. प्रिंट मोठी हवी होती ना.

कार्यक्रम मुलुंडला, सोसायटीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. ओवाळायला पंचाहत्तर दिव्यांची ताटं आली आणि सुधीरच्या बायकोने, "दिवे उठून दिसायला हवेत," म्हणत हॉलमधले सगळे लाइट घालवले.

मी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला, म्हणजे त्याला अंधारात डोळे ताणायला लावले. फोटोत सासूबाईंच्या तोंडावर रवा उधळल्यासारखा दिसला.

"आई, पुन्हा ओवाळावं लागेल," मी म्हटलं.

मग आयएसओ उतरवला, उजेड जास्त आत यावा म्हणून शटर सेकंदभर उघडं ठेवलं, कॅमेरा स्टुलावर टेकवला. "एक सेकंद कुणी हलू नका." अकरा माणसं एक सेकंद गप्प उभी राहू शकत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. एक शिंकला, एकीने पदर सावरला. पुन्हा ओवाळणं. निम्मे दिवे विझले.

"भावजी, जेवण थंड होतंय," सुधीर पुटपुटला.

सासूबाई मालवणच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "माझी शंभरीय आजच उरकतास काय?"

घरी येऊन फोटो पाहिले. त्यातल्या त्यात बरा निघाला तो एकच. त्यात सासूबाई लख्ख, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशा. बाकीचे सगळे धुरासारखे. सुधीरला तीन नाकं आणि स्मिताची नुसती साडी उभी.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना तो दाखवायला नेला, तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत होतो. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो न्याहाळला आणि म्हणाल्या, "मी हलूक नाय. ती सगळी हलली. मोठो करा ह्यो."

मोठा केला, भिंतीवर लावला. मला मूठभर मांस चढलंच. "आवडला ना, आई?"

"बरो आसा," त्या म्हणाल्या आणि स्मिताकडे वळल्या. "पण पुढच्या खेपेक फोटोग्राफर बोलव, आणि जावयांका फोटोत उभे कर. हलले तरी चालात."