चालू रुग्ण

चाळिशीतली मी म्हणजे स्वतःवरच भाळलेलं एक प्रकरण होतं. आबिड्सच्या आमच्या छोट्या कंपनीत बसून मी एका लॅबसाठी प्रोग्राम लिहिला. 'व्यक्ती' हा मूळ क्लास, म्हणजे साचा, त्यातून 'रुग्ण', रुग्णातून 'मधुमेही'. वरच्याचे गुण वारशाने खाली उतरत होते आणि मी आरशात बघावं तशी स्क्रीनकडे बघत होते. सगळ्यात लाडकं होतं ते 'चालू रुग्ण' नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक कप्पा. साऱ्या प्रोग्रामला मिळून असं एकच, सिंगलटन म्हणतात त्याला. आत्ता समोर कोणाचा रिपोर्ट आहे, हे प्रत्येक स्क्रीनने त्यालाच विचारायचं.

"मॅडम, लॅबने दुसरा काउंटर उघडला तर?" शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलं होतं.

"तेव्हा बघू," मी म्हटलं. माझी निम्मी नोकरी या 'बघू'वरच चालली होती.

दुसरा काउंटर उघडला. तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले होते, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई रिपोर्ट फडकवत आल्या. "इत्ती शक्कर? इत्ती मीठी तो मैं शादी में बी नै थी."

मी हसले, आणि मग माझी नजर दोन्ही काउंटरांवर गेली. दोन्ही काउंटर एकाच वेळी त्या एकाच 'चालू रुग्णा'त लिहीत होते. या बाईंच्या नावावर कुणा दुसरीची साखर चढली होती. आणि ती दुसरी यांचा चांगला रिपोर्ट घेऊन घरी गेली होती.

तिच्या पत्त्यात नुसतीच रेसकोर्समागची गल्ली. लॅबच्या टेक्निशियनला घेऊन मी मलकपेठेत दारं वाजवत फिरले. दुपारी घर सापडलं. साठीची बाई पलंगावर पडलेली, ओठ सुकलेले. रिपोर्ट चांगला आला म्हणून तिने गोळ्या बंद केल्या होत्या, सुनेने खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, गोड केलं होतं.

"कंप्यूटर का कागज गलत कैसा होता, मॅडम?" सून म्हणाली.

मी सगळं सांगितलं. प्रोग्राम कोणी लिहिला तेही. टेक्निशियनने रक्त घ्यायला सुई काढली, तसा बाईने हात पदराखाली घेतला.

"दूसरा कागज बी उसीच कंप्यूटर से निकलता?"

"निकलता," मी म्हटलं. खोटं बोलायची अक्कलही त्या क्षणी राहिली नव्हती.

टेक्निशियनने खिशातून पेन काढून तिला दाखवलं. रिपोर्ट हाताने लिहून देतो, म्हणाला. तेव्हा कुठे तिने हात पुढे केला, त्याच्याकडे. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.