अंबक्काची जन्मतारीख

माझ्या लग्नात पत्रिका जुळवली नव्हती. म्हणजे मीच जुळवू दिली नाही. ग्रह, तारे, भुतंखेतं, अंगात येणं – कशावरच माझा कधी विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. सप्लायरकडून आलेली सर्टिफिकेट्स तपासणं हे माझं काम – तारीख, बॅच नंबर, सही – आणि जिथे शंका येईल तिथे माल परत. असल्या बाईने अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहावं हे माझं मलाच पटत नाहीये. तरी लिहितेय... कारण घरात आता यावर कोणी बोलत नाही.

माझं माहेर साताऱ्याचं. सासर तंजावरच्या मराठी लोकांचं, पण तीन पिढ्यांपासून चेन्नईत, पश्चिम मांबलमला. हे लोक ‘आहे’ला ‘अहे’ म्हणतात, बाईमाणसाला ‘मा’ म्हणून हाक मारतात आणि दर दोन वाक्यांनंतर तमिळमध्ये शिरतात. माझी मराठी त्यांना बातम्यांतल्यासारखी वाटते. घरात मी, माझा नवरा श्रीनिवास, सासरे – त्यांना सगळे अप्पा म्हणतात – आणि नणंद मालती. मालती तेहेतीस वर्षांची, गिंडीला एका लहान इंजिनिअरिंग युनिटमध्ये खरेदी बघते. हुशार, देखणी, मिश्कील. लग्न झालेलं नाही, कारण ती मूळ नक्षत्रावरची. इकडे ‘मूलम्’ म्हणतात. मूळ नक्षत्राची सून आली की सासरा जातो, असा समज. आमच्याकडेही ऐकला होता, पण इथे तो फार पक्का आहे. माणसं घरी येतात, कॉफी पितात, पत्रिका उघडतात आणि पुन्हा फोन करत नाहीत.

अशा प्रत्येक वेळी अप्पा मालतीला एकच गोष्ट सांगत. अंबक्काची.

अंबक्का म्हणजे अप्पांच्या वडिलांची थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी ती गेली. तीही मूळची. आई वारली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि पाठचे चार भाऊ लहान. तिने भावांना वाढवलं, मग त्यांच्या मुलांना – अप्पांना न्हाऊमाखू घातलं तेही तिनेच. लग्न झालं नाही. “काय कमी पडलं तिला?” अप्पा म्हणायचे. “राणीसारखी राहिली. कांही नक्षत्रं घरासाठीच असतात मा.” मालती ऐकून घ्यायची आणि भांडी घासायला उठायची.

गेल्या वर्षी अप्पांनी घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक काढायला घेतलं. सगळे चुलत-मावस भाऊ उन्हाळ्यात जमणार होते, तेव्हा ते वाटायचं होतं. प्रत्येकाची जन्मतारीख पुराव्यासकट हवी होती. “कागद पाहिजे मा, कागद. नुसतं बोलणं नको,” असं म्हणून त्यांनी यादी माझ्या हातात दिली. कागद तपासणारी सून घरातच होती.

ज्यांचा जन्म मद्रासमधला, त्यांच्या नोंदी महापालिकेच्या जुन्या रजिस्टरांत मिळण्यासारख्या होत्या. रजिस्टरं तारखेवार, त्यामुळे अर्जात नेमका दिवस लिहावा लागतो. बाकीच्यांचं जमलं. अंबक्काचं काही जमेना. घरातल्या पत्रिकेतला दिवस होता एक सोमवार. काउंटरवरच्या बाईंनी तो सोमवार बघितला, माझ्या विनंतीवरून आदला रविवार आणि पुढचा मंगळवारही बघितला. नोंद नव्हती.

पंधरा दिवसांनी अर्धी रजा टाकून मी पुन्हा गेले. सकाळी अकराचा सुमार. या खेपेला वडिलांच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंग्ज लिहिली, तारीख तीच ठेवली. कुठलाही फॉर्म देण्याआधी फोनवर त्याचा फोटो काढायची मला सवय आहे, तसा काढला. मग फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, फोल्डर मांडीवर ठेवून बाकावर बसले. शेजारी कोणी नव्हतं. पेन पर्समध्ये होतं. सहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं – सहा हे फोटोंच्या वेळेवरून सांगतेय.

बाईंनी फॉर्म घेतला, जवळ धरला, मग माझ्याकडे वळवला. “इदु एन्न मा? हिंदीया?” हे काय, हिंदी आहे का?

तारखेच्या चौकटीखाली, मी रिकाम्या सोडलेल्या जागेत, निळ्या शाईत दीड ओळ लिहिलेली होती. वर एक लांब सरळ रेघ आणि तिच्याखाली एकमेकांत गुंतलेली वळणदार अक्षरं. मोडी. मला मोडी येत नाही. ती मोडी आहे एवढं कळलं ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात चित्र होतं म्हणून.

बाई म्हणाल्या, असलं लिहिलेला अर्ज चालणार नाही, नवीन भरून आणा. मी तिथेच दुसरा फोटो काढला, फॉर्म परत घेतला आणि बाहेर येऊन रसवंतीच्या गाडीपाशी उभी राहिले. पहिला फोटो उघडला. त्यात ती जागा रिकामी होती.

संध्याकाळी मालतीला दाखवलं. काही सांगितलं नाही, फक्त फॉर्म पुढे केला. तिने तो दिव्याखाली धरला.

“हें तुम्हाला कुठे मिळालं, वैनी?”

“का?”

“अंबक्काचं अक्षर अहे हें.”

ती आत गेली आणि कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन आली. अंबक्का लोणच्याची, डांगराची प्रमाणं त्यात लिहायची. लहानपणी मालती तिच्या शेजारी बसून बघायची. आधी पानभर वरची रेघ ओढायची, मग खाली अक्षरं टांगत जायची. घरात ती वही कोणालाच वाचता येत नव्हती. आम्ही फॉर्म वहीशेजारी ठेवला. मी रोज सह्या ताडून बघते. यात मला शंका घ्यायला जागा सापडली नाही.

माझ्या मावसबहिणीच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक पुण्यात मोडी शिकवतात. त्यांना दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. त्यांचा तासाभरात फोन.

“कुठल्या दप्तरातला आहे हा?”

“घरातलाच आहे,” मी म्हटलं. खोटंही नव्हतं ते.

“कागद नवा दिसतो, हात जुना आहे. हल्ली मोडी शिकलेले लोक अक्षर चित्रासारखं काढतात. हे रोज लिहिणाऱ्या माणसाचं आहे.” मग त्यांनी वाचून दाखवलं. “सोमवार नव्हे. गुरुवार, दिवा लावायची वेळ. आई सांगत असे.”

तिसऱ्या खेपेला मालती माझ्याबरोबर आली. अर्जात त्याच आठवड्यातला गुरुवार लिहिला. रजिस्टर उघडल्यावर दोन मिनिटांत नोंद सापडली. मुलगी, नाव लिहिलेलं नाही, वडिलांचं नाव, रस्त्याचं नाव – सगळं बरोबर. आणि नोंद देणारा म्हणून वडिलांचीच सही. घरातल्या जुन्या कागदांवर आहे तीच.

म्हणजे खरा दिवस त्यांना पक्का माहीत होता. मुलगी चौदाची झाल्यावर त्यांनी जुनी पत्रिका वाळवीने खाल्ली म्हणून नवी करून घेतली, असं अप्पांच्याच टिपणांत आहे. त्या नव्या पत्रिकेत गुरुवारचा सोमवार झाला, आणि नक्षत्र मूळ झालं.

परतताना बसमध्ये मालती खिडकीबाहेर बघत होती. “अंबक्का मूळची नव्हतीच,” एवढंच एकदा म्हणाली. मी मात्र खुशीत होते, हे कबूल करते. ज्या गोष्टीच्या आधारावर हिला इतकी वर्षं गप्प बसवलं, तिचा पायाच खोटा निघाला होता. आता अप्पा काय बोलणार?

रविवारी सकाळी मी नोंदीची नक्कल, फॉर्म आणि वही तिन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. अप्पांनी जुनं पंचांग मागवलं, चष्मा पुसला, तो गुरुवार काढला.

“तिरुवोणम्,” ते म्हणाले. श्रवण. पेरुमाळाचं, म्हणजे विष्णूचं नक्षत्र, याहून चांगलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोडीच्या ओळीबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. फक्त तिच्यावरून बोट फिरवलं.

“तुमच्या आजोबांनी असं का केलं असेल?” मी विचारलं.

“आजी गेली होती. चार मुलगे, माझे वडील दोन वर्षांचे. घरात बाई नको का?”

इतकं सरळ आणि इतकं पटकन... “तुम्हाला ठाऊक होतं, अप्पा?”

“ठाऊक नव्हतं. आत्तां विचार करून सांगतों.” मग पंचांग मिटत म्हणाले, “बिचारी. उगाच नांवं ठेवली तिला. तिचा कांही दोष नव्हता.”

मालती कॉफी घेऊन आली होती. तिने पेले खाली ठेवले.

“आणि माझा अहे?”

अप्पा गोंधळले. खरोखर गोंधळले, त्यांना तिला दुखवायचं नव्हतं. “तुझी गोष्ट वेगळी मा,” ते म्हणाले. “तुझी तारीख हॉस्पिटलातली अहे. ती चुकीची कशी असेल?”

महिन्याभरात मालतीने गिंडीजवळ भाड्याने खोली घेतली. सामान लावायला मी गेले होते. गादीवर चादर घालता घालता ती म्हणाली, “राग नका मानू वैनी, तुम्ही चांगल्या मनाने केलंत. पण आपण शोधलं काय? अंबक्कावर खोटं लादलं होतं, एवढंच ना. मी तर खरीच मूळची. तुमचा कागद घेऊन मी कुठे जाऊ?”

मी उशीला अभ्रा घातला.

वंशावळीचं पुस्तक छापून झालं. अंबक्काच्या नावापुढे बरोबर तारीख आहे आणि श्रवण नक्षत्र ठळक अक्षरात. तिच्या वडिलांचा पानभर फोटो, खाली ‘कुटुंबवत्सल’. मालतीने आपलं नाव घालू नका म्हणून कळवलं होतं. अप्पांनी घातलं, नक्षत्र तेवढं गाळलं.

तो फॉर्म मी कारखान्याच्या लॅबमध्ये भिंगाखाली बघितला. शाई माझ्याच पेनाची वाटते. मी बेसावध असताना मीच लिहिलं, असं श्रीनिवासचं म्हणणं. जी लिपी मला येत नाही तिच्यात, जी तारीख मला ठाऊक नाही ती – तो यावर खांदे उडवतो. मला वाटलं होतं, अंबक्काने मालतीसाठी सांगितलं. मालतीला तसं वाटत नाही. ती म्हणते, अंबक्काला आपला दिवस परत हवा होता, दुसऱ्या कोणासाठी नाही. जन्मभर दुसऱ्यांचंच केलं ना तिने.

ती ओळ कोणी लिहिली, कशी लिहिली, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण मला त्याहून जास्त छळतो तो दुसराच प्रश्न. आई सांगत असे, म्हणजे आपला खरा दिवस कुठला हे त्या मुलीला पहिल्यापासून माहीत होतं. तरी ती सत्तर वर्षं गप्प का बसली?

याचं उत्तर मात्र आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या हातचं जेवून तर सगळे मोठे झाले.