पाकिटाची मागची बाजू

“आधी उलटं कर.”

काकूंच्या समोर कुठलंही पाकीट धरलं की त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं. पाकीट त्यांच्याच हातात असेल तर तेवढंही नाही, मनगट आपोआप फिरायचं. मग चष्मा कपाळावर, पाकीट नाकाला टेकलेलं, आणि जगाशी संबंध संपला. तुमच्यापैकी कोणी लखनौत, गोमती नगरातल्या एखाद्या दुकानात, पुढे उभ्या असलेल्या उंच, आखूड पांढऱ्या केसांच्या बाईंमुळे खोळंबलं असेल, तर त्या आमच्या काकूच असणार. मागच्या माणसाने कितीही घसा खाकरला तरी काकूंना ऐकू जात नसे. मला वाटतं, जायचं, पण त्या मनावर घेत नसत.

एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी पुण्याहून तयार मोदकांचा डबा आणला होता. आरती चालू होती, लोकांचे डोळे मिटलेले होते, आणि काकू डबा डोक्यावर धरून तळाशी छापलेलं बारीक अक्षर वाचत होत्या. आरती संपल्यावर त्यांनी अगदी सौम्य आवाजात जाहीर केलं की यात खवा चौथा आहे, पहिली साखर. प्रसाद सगळ्यांनी खाल्ला. काकूंनी दोन खाल्ले. पण आमची चव गेली ती गेली.

त्या इथल्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होत्या. खाण्याच्या पदार्थांत काय काय असतं, आणि काय असायला नको होतं, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ असल्यामुळे आमच्या इमारतीतले लोक सुरुवातीला खोकला, गुडघे आणि नातवंडांचे जुलाब घेऊन त्यांच्याकडे जात. काकू प्रत्येकाला चहा देत आणि सांगत, “मैं खाने की डॉक्टर हूँ, खाने वाले की नहीं।” तरीही लोक गुडघे दाखवूनच उठत.

मी सांगलीची. नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही केंद्र सरकारची नोकरी, म्हणून या शहरात येऊन पडलो. समोरच्या दारातून मराठीत भांडण ऐकू आलं त्या दिवशी मला जिवात जीव आल्यासारखं झालं. भांडण काकू आणि काकांचं होतं, आणि विषय होता कुत्र्याला खायला काय घालायचं.

काका रेल्वेतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. चिनहटच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकाशी त्यांना एक पिवळट पिल्लू सापडलं, ते त्यांनी स्कूटरच्या पुढच्या जागेत बसवून आणलं आणि चिनहटचा म्हणून त्याचं नाव चिनू ठेवलं. काका अंडंसुद्धा न खाणारे. त्यामुळे चिनू पहिले काही महिने वरणभात, दहीभात आणि दुधात कुस्करलेली पोळी यांवर वाढला. त्याची शेपटी हलायची, पण केस झडायला लागले आणि मागचे पाय वाकडे दिसायला लागले. काकूंनी त्याला नीट उभा करून पाहिला आणि काकांना सांगितलं की हा बिचारा आपल्या सोवळ्यापायी उपाशी आहे, त्याला कॅल्शियम हवं, मांस हवं, आणि ते मोजून हवं.

मग त्या तयार अन्न आणायला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. मला कुत्र्यांची भीती वाटते हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या की दुकानात फक्त पाकिटं असतात.

दुकानदार लखनौचा, म्हणजे नाराज करायचा नाही आणि विकल्याशिवाय सोडायचाही नाही. त्याने सर्वांत चकचकीत पोतं पुढे केलं. त्यावर सोनेरी रंगाचा एक कुत्रा वाऱ्यावर केस उडवत धावत होता.

“मैडम, इसको देखिए, कितना हेल्दी है।”

“कुत्ता तो मेरे घर पर है, भैया। मुझे खाना दिखाइए।”

आणि पोतं उलटं झालं. त्या दिवशी मला जे शिकायला मिळालं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण दुकानातल्या उरलेल्या गिऱ्हाइकांसमोर मला ते मोठ्याने परत म्हणावं लागलं. घटक वजनाच्या क्रमाने लिहितात, जास्त असेल ते आधी. ‘चिकन’ पहिलं दिसलं म्हणून हुरळायचं नाही, ताज्या चिकनमध्ये पाणीच फार, ते भाजून सुकवलं की त्याचा नंबर खाली जातो. ‘चिकन मील’ म्हणजे आधीच सुकवून दळलेलं, नाव कसंतरीच असलं तरी त्यात प्रथिनं भरपूर. मका, मक्याचा चुरा, मक्याचं ग्लुटेन असं एकाच धान्याचे तीन भाऊ वेगवेगळे उभे केले असतील, तर त्यांना एकत्र करून बघायचं, मग पहिला नंबर कुणाचा ते कळतं. आणि नुसतं ‘मांस व प्राणिजन्य पदार्थ’ लिहिलं असेल तर कोणता प्राणी ते विचारायचं.

“कौन सा जानवर, भैया?”

दुकानदार म्हणाला की मैडम, जानवर तो जानवर ही होगा.

मला वाटलं होतं की शेवटी काकू सगळ्यांत महाग पोतं घेतील. घेतलं नाही. धान्य अजिबात नाही अशी फुशारकी मारणारंही त्यांनी बाजूला ठेवलं. तांदूळ काही विष नाही, शिजवलेला असला की कुत्र्यालाही पचतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मधल्या फळीवरचं एक साधं, नावही लक्षात न राहणारं पोतं निवडलं. त्यावर कोंबडी म्हणजे कोंबडी असं लिहिलं होतं, कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी ते होतं, आणि एवढ्यावर त्याचं पूर्ण पोषण होईल हेही होतं. पुढे पुढे त्या दुकानदाराने हार खाल्ली. काकू रस्ता ओलांडताना दिसल्या की तो स्टूल पुसायचा आणि पोती स्वतःच उलटी करून ठेवायचा.

पुढचं भांडण झालं ते या पोत्यावरून. काकांनी ते स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शेवटी बाल्कनीत एक मोठा स्टीलचा डबा ठेवला गेला आणि त्यासाठी वेगळी वाटी, वेगळा डाव. चिनूचे केस परत आले, पाय सरळ झाले. काका सगळ्यांना सांगायचे की हे माझ्या हाताच्या दहीभाताचं फळ. काकू ऐकून घ्यायच्या.

काकांची एक सवय होती. जेवायला बसले की हातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचे, तोंडाने काही पुटपुटायचे आणि ताटाच्या उजवीकडे भाताची चार शितं ठेवायचे. चित्राहुती. त्यांच्या वडिलांनी मुंजीत लावलेली सवय, डायनिंग टेबलावरही सुटली नव्हती. काकूंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. टेबल ओलं होतं, अशी त्यांची कायमची तक्रार. ती शितं काका मग तळहातावर घेऊन चिनूला द्यायचे. पूर्वी मुंग्या-कावळे खायचे, आता हा खातो, एवढंच त्यांचं शास्त्र.

काका गेले ते बऱ्याच वर्षांनी, एका श्रावणात, दुपारी पेपर वाचता वाचता. त्यांची मुलगी परदेशातून आली, थोडे दिवस राहिली आणि गेली. काकू रडलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्यांनी कोणतेही विधी केले नाहीत, मुलीलाही करू दिले नाहीत. मंडळातल्या बायका कुजबुजल्या. मलाही आत कुठेतरी ते खटकलं होतं.

आणि चिनूने जेवण सोडलं.

सुरुवातीला सगळ्यांनी म्हटलं, दुःख आहे, खाईल. पण तो खाईना. पाणी प्यायचा, वाटीपाशी जाऊन हुंगायचा आणि परत फिरायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट चाचपलं, सलाईन लावलं. आजार काही नाही म्हणाले, पण आता वयही झालंय, असंच चाललं तर हा टिकणार नाही. त्या वाक्यानंतर काकूंचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. घरी येताना ई-रिक्षात त्यांनी चिनूला मांडीवर घेतलं होतं आणि त्या त्याच्या फासळ्यांवरून बोटं फिरवत होत्या. हा गेला तर घरात माझ्याशिवाय ह्यांना ओळखणारं कोणी उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी बाहेर बघत राहिले.

मग काकूंनी त्यांना येत होतं ते केलं. पाकिटं उलटी केली. जुन्या पोत्यात कंपनीने काही बदललं का, चरबी वेगळी घातली का, दळण जुनं होऊन खवट झालं का. नवी पोती आली, लहान पाकिटं आली, ओलं अन्न आलं. ओल्यात पाणी किती आणि कोरड्यात किती, ते वजा करून काय उरतं, याचा हिशेब त्या डायनिंग टेबलावर बसून मला समजावत. माशांचं, मेंढीचं, बदकाचं. कोमट पाण्यात भिजवून. हातात धरून. दुकानदाराने तर एक पाकीट नुसतंच हातात ठेवलं आणि म्हणाला, “मैडम, बच्चा खा ले बस।” चिनू प्रत्येकाला नाक लावायचा, शेपूट जरा हलवायचा, मान राखल्यासारखा, आणि जाऊन काकांच्या खुर्चीशी बसायचा. काकूंचा विश्वास होता की चूक घटकांत आहे आणि ती सापडेल. आयुष्यभर चूक तिथेच सापडत आली होती.

एका रविवारी मी त्यांच्यासाठी पोळी-भाजी घेऊन गेले आणि तिथेच जेवायला बसले. एकटीसाठी भाताचा कुकर लावायचा त्यांनी बंदच केला होता. चिनूची भरलेली वाटी काकांच्या खुर्चीशेजारी, नेहमीच्या जागी होती. तो वाटीकडे बघतही नव्हता. मान वर करून तो टेबलाची कड बघत होता. मी सहज विचारलं, काका जेवताना त्याला काय द्यायचे?

“काही नाही गं. चित्राहुतीची शितं. ती खाल्ली की हा आपला...”

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला.

त्या उठल्या, आपलं ताट उचललं आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं, जरा जास्तच, टेबलावर ओघळ गेला. भात नव्हता. त्या वाकल्या, चिनूच्या वाटीतले चार दाणे उचलले आणि आपल्या ताटाच्या उजवीकडे मांडले. कोंबडीचे दाणे, त्या ताटाशेजारी, त्या टेबलावर. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “ह्यांना चालेल.”

त्यांचे ओठ हलत होते. पुटपुटून झाल्यावर त्यांनी दाणे तळहातावर घेतले आणि हात खाली केला. चिनूने ते खाल्ले, हात चाटला, वाटीत तोंड घातलं. कुडुम कुडुम आवाज येऊ लागला. काकूंचा ओला हात तसाच खाली लोंबत राहिला आणि त्या रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, आवाज करून. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चिनूने काही मान वर केली नाही, त्याला फार दिवसांची भूक होती.

नंतर चहा पिताना मी विचारलं की तुम्हाला मंत्र कुठे येतो?

“कुठे येतो! घटक म्हटले. मला दुसरं पाठ काय आहे?”

त्यानंतर त्या घरात रोज दोन वेळा टेबल ओलं व्हायचं. काकूंचा विश्वास बसला होता असं नाही. त्या म्हणायच्या की कुत्र्याला पद्धत लागते आणि पद्धत पाळणं हे प्रयोगशाळेतलं पहिलं काम. मला त्यांचं ते म्हणणं पटायचं आणि पटायचंही नाही.

मागच्या थंडीत काकूंच्या हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. दवाखान्यात त्या सलाईनची बाटली उलटी लावलेली असल्यामुळे तिच्यावरचं लेबल वाचता येत नाही म्हणून नर्सवर वैतागल्या होत्या. मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी माझा हात धरला. “पाकीट कुठलं आणायचं ते तुला कळेल, ते शिकवलंय मी. बाकीचं तू पाहिलं आहेस.” मला कुत्र्यांची भीती वाटते हे त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. मी हो म्हटलं.

होळीच्या आधीच त्या गेल्या. चिनू, त्याची वाटी आणि स्टीलचा डबा आमच्या घरी आला. पहिल्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. माझी मुलगी त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि “खा ले ना चिनू, थोड़ा सा” म्हणून विनवत होती. तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि मी ताट वाढून घेतलं.

ताटाभोवती पाणी फिरवलं. उजवीकडे चार दाणे ठेवले. आणि डोळे मिटून म्हणायला लागले: चिकन मील, तांदूळ, मका, कोंबडीची चरबी, जवस, बीटाचा चोथा... माझा नवरा घास हातात धरून बघत राहिला.

“मम्मी, यह कौन सा मंत्र है?”

“काकूंचा,” मी म्हटलं आणि हात खाली केला. ओलं नाक तळव्याला लागलं. चिनूने दाणे खाल्ले आणि वाटीकडे वळला. मला मात्र पहिला घास घ्यायला बराच वेळ लागला.